आडव्या सायकलीचं माप

आडवी सायकल उसनी देता येत नाही. ती पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची. पेडल पुढच्या नळीवर असतात, आणि ती नळी चालवणाऱ्याच्या पायांच्या मापानं आवळलेली असते. बोटभर फरक पडला तरी गुडघे बोंब मारतात. मी वेल्डर. अशा दोन सायकली मी बनवल्या, एक माझी आणि एक भाऊजींची. भाऊजी माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच.

दोन वर्षं लांबच्या नोकरीवर काढून ते गेल्या महिन्यात परतले. ताई हरखून गेली. मला मात्र काहीतरी खटकत होतं. चेहरा तोच, हसणं तेच, पण काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. उद्या ते ताईला आणि भाचीला कायमचं तिकडे नेणार होते. म्हणून म्हटलं, "भाऊजी, जाण्याआधी एक चक्कर होऊन जाऊ दे." तोंड फसवेल, पाय कसे फसवतील?

दुपारीच निघालो. गोदामं मागे पडली, खडीचे ढीग आले, नंतर नुसता मोकळा रस्ता आणि चेनची कुरकुर. भाऊजी आपल्या सायकलीवर इतके चपखल बसले होते की मला माझीच लाज वाटली. किती हा संशयी स्वभाव!

शहराबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी थांबलो.

"मेहुणे, सायकली बदलू या?"

"नळी सरकवावी लागेल. पाना घरी राहिलाय."

"बसून तर बघतो."

ते माझ्या सायकलीवर बसले. पाय पसरले. गुडघ्याला हवा तेवढाच बाक. एक गोल चक्कर मारून आले.

मी त्यांच्या सायकलीवर बसलो. माझे पाय पेडलपर्यंत पोहोचेनात.

"उतरा," मी म्हणालो.

उतरून शेजारी उभे राहिले. वीतभर उंचच होते.

"कशी काय जमली?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हीच बनवलीय. माप चुकेल कसं?"

परतताना मी मागे राहिलो. त्यांना पाठीमागे ठेवायची माझी छाती नव्हती.

घरी बॅगा भरून झाल्या होत्या. ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, जाऊ नकोस."

"का रे?"

काय सांगणार? त्यांचे पाय बसले म्हणून?

"वेडा आहेस," ती डोळे पुसत हसली. "सुट्टीत येऊ की आम्ही."

भाचीची तीनचाकी दाराशी होती. पोर आता उंच झाली आहे, निदान सीट तरी वर करून द्यावी म्हणून मी पाना घेऊन बसलो. ती धावत आली.

"मामा, वर नको ना करू. मग बाबांना नाही बसता येणार."

"अगं, बाबा केवढे मोठे! त्यांचे गुडघे हनुवटीला लागतील."

"नाही लागत," ती म्हणाली. "तू नसतोस ना, तेव्हा नाही लागत."