ओलं टोक

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या मावसभावाने फायरवॉलला लावलेली स्वतःची केबल ओढून काढली, आणि तिचं टोक ओलं निघालं.

हे त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. यात पदरचं मी काही घातलेलं नाही.

जागा एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची, लॅबला लागून असलेली बिनखिडकीची खोली. लॅब आणि वरचे मजले यांच्या नेटवर्कमध्ये पहाऱ्याला बसवलेली पेटी, म्हणजे फायरवॉल, सकाळपासून अडून बसली होती. चार वाजता एका बाईचं ऑपरेशन होतं, आणि तिचे रिपोर्ट आत अडकले होते.

पासवर्ड फक्त हॉस्पिटलच्या जुन्या तंत्रज्ञाला, सगळे ज्यांना काका म्हणत त्यांना, ठाऊक. आधी हे काम तेच बघायचे. अकरा दिवसांपूर्वी ते देवाघरी गेले. पासवर्डही गेला.

उरला कन्सोल पोर्ट. तिथे केबलने लॅपटॉप जोडला की पेटीशी थेट बोलता येतं, पासवर्डही मोडता येतो.

लॅबवाल्या बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका आधी टोक जिभेला लावायचे. लगेच कनेक्शन लागायचं. तोंडात सदा लवंग, त्यामुळे केबललाही वास."

"बाई, आत्ताच जेवलोय मी."

त्याने केबल लावली. स्क्रीन काळी. जोडणीचा स्पीड तपासला, बरोबर होता. एंटर दाबलं... काहीच नाही.

म्हणून केबल काढली, तर ती ओली.

छत कोरडं. पोर्ट कोरडा. बोट लावलं, तर चिकट तार आली... आणि लवंगेचा वास.

त्याने टोक स्पिरिटने पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा ओलं टोक. आता जास्त.

तिसऱ्यांदा पुसून लावलं, तेव्हा काळ्या स्क्रीनवर एकेक अक्षर उमटू लागलं... अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी.

पुसू नको.

बाईंनीही वाचलं. त्या हसल्या नाहीत.

तीन वाजून गेले होते. त्याने केबल काढली. टोकाला लाळ लोंबत होती. श्वास रोखून त्याने ती तशीच आत सारली.

स्क्रीन उजळली. पासवर्ड विचारलाच नाही. वर एक ओळ होती... कन्सोलवरून लॉगिन, अकरा दिवसांपूर्वी. अजून चालू.

त्या अकरा दिवसांत पोर्टला एकही केबल नव्हती.

पेटीतला एक चुकलेला नियम दुरुस्त केला आणि रिपोर्ट वर गेले. ऑपरेशन वेळेवर झालं. केबल त्याने लॅबच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली आणि कातडी सुरकुतेपर्यंत हात धुतले.

काल त्याला तिथे पुन्हा बोलावलं होतं. या वेळी पाकीट फोडून नवीकोरी केबल काढली. बाई दारातच थांबल्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे काय करताय?"

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं...

टोक त्याच्या तोंडात होतं.

लवंग तो कधीच खात नाही. आज सकाळी मी फोन केला, तेव्हाही चुळा भरत होता. वास जात नाही म्हणाला.