सगळ्यांचे डबे संपेपर्यंत

प्रक्रियकाचं तापमान ब्याण्णव अंशांवर गेलं, तेव्हा ओजस्वी वानखडे खुर्चीवर उभी राहून नाचत होती.

"पाच पूर्णांक सहा! सुमैया, बघ नं! कंपनीने चार पूर्णांक चार लिहिलंय आणि आपण कुठे पोचलो!"

"तू आधी खाली पोच," सुमैया म्हणाली. "ती खुर्ची कंपनीने बसायला बनवलीय."

एप्रिल २०४३. बाहेर अकोला चव्वेचाळीस अंशांवर भाजून निघत होतं. शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत मात्र ओल्या वाळ्याचा वास दरवळत होता, कारण ओजस्वीने बाबांच्या वर्कशॉपमधून एक छोटा कूलर उचलून आणला होता आणि कापडाचा बोगदा शिवून त्याचं तोंड थेट संगणकाच्या डब्यात घातलं होतं.

प्रक्रियक म्हणजे संगणकाचा मेंदू. त्याच्या आत एक ठोका सतत वाजत असतो, सेकंदाला अब्जावधी वेळा, आणि प्रत्येक ठोक्याला काम थोडं पुढे सरकतं. हा ठोका कंपनीने ठरवून दिला त्याहून जास्त पळवायचा, याला बाकीचं जग ओव्हरक्लॉकिंग म्हणायचं. दहावी ब मध्ये त्याला 'चढताल' म्हणत, कारण संगणकाच्या डाबेराव मॅडमना नवे शब्द पाडायचा भारी नाद होता. चढताल लावला की प्रक्रियक तापतो. म्हणून तर कूलर.

आणि हा सगळा खटाटोप सुमैयासाठी होता.

शनिवारी 'घेर' या खेळाचा विभागीय अंतिम सामना होता. तिघांविरुद्ध तिघे. एका संघाने गोल धरायचा, दुसऱ्याने चकवा देऊन तो फोडून निसटायचं; गडी पकडला तर धरणाऱ्यांना गुण, निसटला तर पळणाऱ्यांना. ओजस्वी, सुमैया आणि नववीतली पल्लवी असा शाळेचा संघ. चकवा कुठून येणार हे सुमैयाला इतकं अचूक कळायचं की ओजस्वीला कधीकधी तिची भीती वाटे. पण जन्मापासून सुमैयाच्या मेंदूचा निरोप बोटांपर्यंत उशिरा पोचायचा. इतरांना कळ दाबायला सेकंदाचे दोन दशांश लागत, तिला चार. कळायचं सगळं, हात जाईपर्यंत गडी पसार.

संघ बघणाऱ्या तायडे सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "पोरी, मन मोडायचं नाही मला. पण उद्याच्या सरावात एक तरी गडी पकड. नाहीतर शनिवारी तुझ्या जागी प्रांजलला उतरवतो."

"तुझे दोन दशांश मी यंत्रातून काढून देते," ओजस्वीने छातीवर हात मारून सांगितलं होतं.

डाबेराव मॅडम आत आल्या. त्यांनी बोगदा पाहिला, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"छान शिवलास. किती मिळाले?"

"बाराशे दशलक्ष ठोके जास्त, मॅडम!"

"खेळात किती मिळाले, ते विचारतेय."

ओजस्वीने मोजणी उघडली. तोंड उतरलं. "काहीच नाही. पण असं कसं?"

"मधल्या सुट्टीत डबा किती वेळात खातेस?"

"पाच मिनिटांत."

"खातेस कुठे, गिळतेस," सुमैया म्हणाली.

"मग पाच मिनिटांनी सुट्टी संपते का?" मॅडमनी विचारलं. "घंटा आपल्या वेळेलाच होते. घेरचं जग सेकंदाला साठ पावलं टाकतं. एका पावलाचा हिशोब तुझा प्रक्रियक साध्या तालातही निम्म्या वेळात उरकतो आणि उरलेला वेळ नुसता बसून असतो. चढतालाने काय केलं? त्याला आणखी लवकर रिकामा केला. एखादा खेळ प्रक्रियकालाच दमवत असेल तर चढताल कामाचा. इथे दमतोय कोण?"

"माझा हात," सुमैया शांतपणे म्हणाली. "आणि हाताला कूलर लावून उपयोग नाही."

कुणीच हसलं नाही. मग सुमैयाच हसली, म्हणून बाकीच्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्याच आणखी तिघांविरुद्ध सराव सुरू झाला. तरीही ओजस्वीने चढताल काढला नव्हता. हट्ट असा सहजी सुटतो होय? सहा मिनिटांत सुमैयाच्या हातून चार गडी निसटले. तायडे सर घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात वाळ्याचा वास थांबला आणि कूलरमधून भट्टीसारखा वारा सुटला.

"टाकी!" ओजस्वी किंचाळली. "पाणीच भरलं नाही!"

"कूलरवाल्याची पोरगी न् टाकी कोरडी! बाप्पा!" पल्लवीने कपाळावर हात मारला.

जळू नये म्हणून प्रक्रियकाने स्वतःच आपला ताल पाडला, थेट एक पूर्णांक एकवर. आणि सहाच्या सहा पडद्यांवरचं जग मंदावलं. पळणारे गडी जणू गुडघाभर पाण्यातून चालू लागले.

"माझंही हळू झालं!" "माझंही!" ओरडा झाला.

त्या ओरड्यात सुमैयाने एक गडी धरला. मग दुसरा. मग तिसरा. तिची बोटं नेहमीइतकीच सावकाश चालली होती.

"थांबा," ओजस्वी म्हणाली. "मॅडम, यंत्र माझं तापलं. सगळ्यांचं जग काऊन हळू झालं?"

"कारण सहा यंत्रं मिळून एकच जग चालवतात. सगळ्यांचा हिशोब जुळला पाहिजे, म्हणून शेवटचं यंत्र 'झालं' म्हणेपर्यंत पुढचं पाऊल पडतच नाही. ही घंटा वेळेआधी होत नाही खरी, पण सगळ्यांचे डबे संपेपर्यंतही होत नाही."

ओजस्वीने कागद ओढला. चकव्याचं एक वळण तीन दशांश सेकंदांचं. दोन दशांशवाल्याला ते अडवता येतं, चारवालीला नाही. जग निम्म्या वेगाने चाललं तर तेच वळण सहा दशांशांचं. मग दोघांनाही अडवता येतं. आणि दोघांनाही येत असेल, तर जिंकणार कोण? ज्याला आधी कळतं तो!

तायडे सर मात्र डोकं खाजवत होते. "पकडले तर खरे. पण यंत्र बिघडलेलं असताना."

"सर, मला शनिवारी उतरवा," सुमैया म्हणाली. "पहिल्या डावापुरती. नाही जमलं तर मीच उठेन."

शनिवारी सभागृहात पंचांनी तक्ता भरायला दिला. नियम सातवा: प्रत्येक खेळाडूने आपल्या यंत्राचा ताल मर्जीप्रमाणे ठेवावा व इथे लिहावा. लिहिलेला आकडा समोरच्या मोठ्या पडद्यावर झळकायचा. अमरावतीचा कप्तान वेदांग याने पाच पूर्णांक आठ लिहिलं आणि टाळ्या पडल्या.

ओजस्वीने पेन उचललं. शाळेत सगळ्यात वरच्या तालावर पोचलेली मुलगी म्हणून परवापासून पाचवीची पोरंसुद्धा तिला ओळखत होती. तिने सुमैयाकडे पाहिलं.

सुमैयाच्या लक्षात आलं. "माझ्यावर दया करणार असशील तर मी आत्ताच घरी जाते."

"दया कसली? वेळ सगळ्यांनाच मिळणार, त्यांनाही. फक्त बोटांऐवजी डोकं चालवावं लागेल. तुझं चालतं नं?"

"तुझ्यापेक्षा बरं चालतं."

ओजस्वीने ठसठशीत अक्षरात लिहिलं: एक पूर्णांक एक.

सभागृह खदाखदा हसलं. "काय गं, यंत्राला ताप आला का?" वेदांग ओरडला. पंचांनी नियम दोनदा वाचला, मान डोलावली आणि शिट्टी दिली.

जग मंद पावलांनी निघालं. अमरावतीचा पहिला गडी, वेदांगचाच, डावीकडे झुकला. सुमैया उजवीकडे जाऊन थांबली. गडी उजवीकडे वळला आणि अलगद तिच्या हातात आला. "पाय आधी बोलतो त्याचा," ती पुटपुटली. पहिल्या डावात पाच गडी. प्रेक्षकांत तायडे सर उभे राहिले, ते बसलेच नाहीत.

मध्यंतरात वेदांगने घाईघाईने आपला ताल सहा पूर्णांक चारवर चढवला. वाट्टेल तेवढा चढव, ओजस्वीने मनात म्हटलं, घंटा माझ्या डब्यासाठी थांबलीय. पण दुसऱ्या डावाच्या चौथ्या मिनिटाला भलतंच झालं. वेदांगचं यंत्र इतकं तापलं की त्याने स्वतःच ताल शून्य पूर्णांक नऊवर आणला. सहा पूर्णांक चारवाला गडी आता सगळ्यांत हळू! जग आणखी मंदावलं. सुमैयाने जांभई दिली आणि आणखी दोन गडी धरले.

अकोला नऊ, अमरावती सहा.

पल्लवीने दोघींना मिठी मारली, तायडे सरांनी प्रांजलला मिठी मारली, आणि वेदांग लालबुंद तोंडाने टेबलापाशी आला.

"आता भांडणार हा," ओजस्वी कुजबुजली.

"एक डाव आणखी खेळता का?" तो म्हणाला. "निकाल तोच राहू दे. पण ह्याच वेगात. तीन वर्षं खेळतोय, आज पहिल्यांदा दिसलं की मी नेमकं करतो काय. तो उजवा पाय... मी खरंच आधी हलवतो?"

"दर वेळी," सुमैया म्हणाली. "बस, दाखवते. ओजू, दीड कर."

"दीड? वेग वाढेल! जमेल तुला?"

"सकाळी एक पूर्णांक एक जमेल की नाही, हेही कुठे माहीत होतं?"

ओजस्वी आधी उठली, सोबत आणलेला पण न लागलेला कूलर ओढत वेदांगच्या यंत्रापाशी नेला आणि बोगद्याचं तोंड त्याच्या डब्यात घातलं. या वेळी टाकी काठोकाठ भरलेली होती. त्याचा आकडा हळूहळू वर आला, मग सगळ्यांत मागे पुन्हा ओजस्वीचंच यंत्र राहिलं. ती आपल्या जागी येऊन बसली आणि तिने ताल चढवला. एक पूर्णांक दोन. तीन. चार.

खेळायला लागल्यापासून तिने शंभरदा तरी चढताल लावला असेल. आज पहिल्यांदाच त्याने सहाही जणांचं जग पुढे सरकलं.

"बास?" तिने विचारलं.

सुमैयाने बोटं मोडली, पडद्यावर डोळे रोवले.

"अजून थोडा," ती म्हणाली.