बहुरूप्याची पोहोच

सागरतळ प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा आकडा सकाळी चारवर आला आणि यंत्रं सांभाळणाऱ्या सुनीती खांबेटेने तो दोनदा वाचला. हवेतला कर्बवायू शोषणारी नळकांडी आता चारच दिवसांची उरली होती. नऊशे मीटर पाण्याखाली माणसं सहा, आणि नवी नळकांडी घेऊन येणारं जहाज परवाच यायला हवं होतं.

"मागणी वेळेवर धाडली होतीस ना?" प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. घैसास यांनी विचारलं.

"दर सोमवारी, सर. आठ आठवडे. आठही वेळा पोहोच आलीय."

"दाखव बघू."

ती पडद्यापुढे बसली. इथली सगळी यंत्रं लिनक्सवर चालत, कधी हूं की चूं न करता. वर बोलायची सोय नव्हती. एकच तार होती आणि तिच्यावरून फक्त अहवाल जात. मुख्यालयाचा हट्ट असा, की अहवाल हवा तो एका बड्या कंपनीच्या कार्यालय-संचात, म्हणजे अहवाल-तक्ते लिहायच्या सॉफ्टवेअरमध्येच, आणि ठरलेल्या नमुन्यातच. नमुन्यात नाही ते जगात नाही! संच मात्र लिनक्सवर पाऊल टाकायला तयार नव्हता. म्हणून दोन वर्षांपूर्वी सुनीतीने मधला दुभाष्या प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'बहुरूपी'. मुख्यालयाला तो इतका आवडला, की त्यांनी आपली यंत्रंही लिनक्सवर नेली, तिथेही बहुरूपी बसवला आणि तिला शाल-श्रीफळ दिलं.

"हा तुझा बहुरूपी करतो काय नेमकं? मी पडलो जीवशास्त्रवाला."

"संच सारखे प्रश्न विचारतो, सर. प्रिंटर आहे का, फाइल उघडली का. बहुरूपी त्याच्या ओळखीच्या यंत्राचं सोंग घेऊन उत्तरं देतो. संचाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

"आणि बहुरूप्याला एखादा प्रश्नच कळला नाही तर?"

सुनीतीने पोहोचपावत्या उघडल्या. "उत्तर नाही मिळालं तर संच बंद पडतो. म्हणून अनोळखी प्रश्नाला एकच उत्तर ठेवलंय. 'झालं.'"

"न करताच झालं? अगं, हे तर आपल्या सरकारी कचेरीसारखं!" घैसास हसले, पण तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू तिथेच विरलं.

ती पोहोचपावत्यांवरच्या वेळा पाहत होती. पहिला अहवाल पाठवला नऊ वाजून बारा मिनिटं चार सेकंदांनी. मुख्यालयात वाचला गेला तोही नऊ वाजून बारा मिनिटं चार सेकंदांनी. आठही पावत्यांची तीच तऱ्हा. माणूस कितीही तत्पर असो, वाचून बोट टेकवायला दोन-चार सेकंद तरी घेणारच. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने संचाची नवी आवृत्ती काढली होती आणि अहवाल धाडण्याची रीत बदलली होती. संचाचे ते नवे प्रश्न बहुरूप्याच्या ओळखीचे नव्हते.

"सर, एकही अहवाल वर गेलेला नाही," ती म्हणाली. "आणि बहुरूपी दुरुस्त करायला मला आठवडा लागेल."

"पण आठ आठवडे आपला कागद नाही, तर वरच्यांना काळजी वाटू नये?" घैसास चिडून म्हणाले.

शेवटचा उपाय म्हणजे लाल बोया. पाण्यावर जाऊन रेडिओवरून थेट मुख्यालयाला हाक मारणारा तो तरंगता डबा एकच होता. त्याचा बहुरूप्याशी काही संबंध नव्हता. पाणबुड्या रॉकी डिमेलोने कळ ओढली. बोया वर पोहोचला. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

'संकटसंदेश मिळाला. घंटा वाजवली. कर्तव्यावरील अधिकाऱ्याने नोंद घेतली.'

"देव पावला!" रॉकी ओरडला. त्याने जपून ठेवलेली चिक्की काढली आणि तो ती सगळ्यांना वाटू लागला. घैसास मटकन खाली बसले आणि चष्मा पुसू लागले.

सुनीतीने खालची बारीक ओळ वाचली. संदेश मिळाला दहा एक्केचाळीस, सात सेकंद. अधिकाऱ्याची नोंद दहा एक्केचाळीस, सात सेकंद.

हाक वर पोहोचली होती, यात शंका नव्हती. पण मुख्यालयात संकटसुद्धा आधी नमुन्यात भरावं लागतं. तिथल्या संचाने तिथल्या बहुरूप्याला विचारलं असणार, घंटा वाजली का? अधिकाऱ्याने पाहिलं का?

"वरून कुणी का विचारलं नाही, ते कळलं मला, सर," ती म्हणाली. "दर सोमवारी तिथला संच विचारतो, सागरतळाचा अहवाल आला का? आणि त्याला उत्तर मिळतं, 'झालं.' तक्रारीचा रकाना कोरा, म्हणजे सर्व ठीक."

"अगं, पण अहवाल गेलेच नाहीत ना? मग उत्तर देतंय कोण?"

"मी, सर," सुनीती म्हणाली. "आत्ताची नोंदही मीच घेतलीय."

रॉकी चिक्कीचा तुकडा तिच्यापुढे धरून उभा होता.