मेडिकेअरचंच काम

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. नंतर करते," नीरजा दबक्या आवाजात म्हणाली आणि तिने फोन पर्समध्ये टाकला.

"मीटिंग बरीच मोठी दिसते," मागून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "पार बसस्टॉपपर्यंत गेलीय."

सिडनीच्या ब्लॅकटाउनला, सेंटरलिंक या सरकारी ऑफिसचं दार उघडायच्या आधी, रांगेत आपल्या पाठीशी मराठी माणूस उभा असेल अशी जरा जरी शंका आली असती, तर नीरजाने आईचा फोन उचललाच नसता. वळून बघावं की न ऐकल्यासारखं करावं, यावर तिने थोडा विचार केला. मग वळली. तिशी ओलांडलेला, उंच, कुरळ्या केसांचा एक जण उभा होता. पायांत साइटवर घालतात तसे जाडजूड बूट, हातात मोठी काळी छत्री. सकाळपासून पाऊस भुरभुरत होता आणि तरी आपण भिजलो कशा नाही, हे तिला आत्ता कळलं. छत्री तिच्या डोक्यावर होती. त्याचा डावा खांदा मात्र ओला झाला होता.

"थँक्स," ती म्हणाली. आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, "मी... मेडिकेअरचं कार्ड घ्यायला आलेय."

"मीपण," तो घाईघाईने म्हणाला. "मेडिकेअरच."

या दारातून बेकारभत्त्याचीही कामं होतात आणि आरोग्य-कार्डाचीही, हे सरकारचे आपल्या मध्यमवर्गीय मराठी माणसांवर मोठे उपकार आहेत. कार्ड हरवलं म्हणून कुणी नावं ठेवत नाही. नोकरी हरवली म्हणायची मात्र जीभ रेटत नाही. नीरजाची नोकरी ऑगस्टमध्ये गेली होती. ती ज्या विमा कंपनीत होती त्या कंपनीने तिच्या टीमचं सगळं काम पुण्याला, हिंजवडीला हलवलं. हिंजवडीतूनच ती नऊ वर्षांपूर्वी सिडनीला आली होती. यावर हसावं की रडावं हे तिचं अजून ठरलं नव्हतं. तोवर भत्त्यासाठी अर्ज केला होता आणि आज ओळखीची कागदपत्रं घेऊन तिला इथे बोलावलं होतं.

दार उघडलं. दाराशी टॅबलेट घेऊन उभी असलेली बाई एकेकाला काम विचारून योग्य काउंटरला पाठवत होती. नीरजाचा नंबर आला. छत्रीवाला अगदी मागे उभा. बाईने हसून विचारलं, "व्हॉट आर यू हिअर फॉर टुडे, लव्ह?"

नीरजाने एकदा मागे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"मेडिकेअर कार्ड," ती म्हणाली.

म्हणजे भत्त्याचं काम तसंच राहिलं आणि पर्समध्ये धडधाकट कार्ड असताना नीरजा अर्धा तास थांबून दुसऱ्या कार्डाचा अर्ज करून आली. तो शेजारच्या खुर्चीत बसून तेच करत होता. त्याचं नाव यतीन. सिव्हिल इंजिनिअर, मूळचा ठाण्याचा, राहणार स्कोफिल्ड्स. साइट इथे जवळच आहे म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने कॉफीचं विचारलं आणि तिने घड्याळाकडे बघून, ऑफिसला उशीर होतोय असा चेहरा करून, मग हो म्हटलं. भत्त्याच्या कामाला ती दुसऱ्या दिवशी परत आली, आणि रांगेत उभं राहण्याआधी तिने पुढची-मागची सगळी डोकी नीट तपासून घेतली.

आता नीरजाचं रोजचं रहाटगाडगं सांगायला हवं. क्वेकर्स हिलला शोभाकाकूंच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये ती भाड्याने राहायची. शोभाकाकू तिच्या आईची कॉलेजातली मैत्रीण. इथे नीरजाला शिंक आली की चिंचवडला आईला ते संध्याकाळच्या आत कळायचं. त्यामुळे नोकरी गेल्यापासून नीरजा रोज ऑफिसचे कपडे करून, डबा घेऊन, वेळेवर बाहेर पडायची आणि ब्लॅकटाउनच्या लायब्ररीत जाऊन बसायची. गळ्यात जुन्या ऑफिसची पट्टी तशीच असायची. ओळखपत्र परत द्यावं लागलं होतं, म्हणून त्या जागी तिने लायब्ररीचं कार्ड अडकवलं होतं. तिथे बसून ती नोकऱ्यांचे अर्ज करायची, दर पंधरवड्याला सेंटरलिंकला आपला हालहवाल कळवायची आणि "वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू" अशी मेल वाचत बसायची.

कॉफीनंतरच्या आठवड्यात तो तिला लायब्ररीमागच्या बागेत भेटला. लंच ब्रेक आहे म्हणाला. तिनेही तेच सांगितलं. जॅकरँडा फुलली होती, बाकांवर जांभळ्या फुलांचा सडा पडला होता आणि त्याच्याकडे खायला फक्त एक सफरचंद होतं. मराठी मुलगी असं काही उघड्या डोळ्यांनी बघू शकत नाही. तिने डबा पुढे सरकवला.

"मसालेभात?" त्याने झाकण उघडताच डोळे मिटून वास घेतला. "नीरजा, मी आत्ता काही बोललो तर ते भाताबद्दल असेल. गैरसमज करून घेऊ नकोस."

"नाही घेणार."

"थोडासा घ्यायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात दोन चमचे यायला लागले.

मग रोजचंच झालं. तिला बॉसच्या तक्रारी सांगाव्या लागायच्या. खरा बॉस आता नव्हता, म्हणून तिने एक नवाच तयार केला आणि त्याला इतका खडूस केला की यतीन त्याच्यावर मनापासून चिडायला लागला. यतीन तिला काँक्रीट कसं ओततात, पाऊस आला की साइटवर कशी धावपळ होते, ते हातवारे करून सांगायचा. त्याच्या बुटांना कधी चिखल लागलेला नसायचा. माणूस टापटिपीचा आहे, असं तिला वाटायचं. प्रेमात पडायला लागलेल्या बाईला स्वच्छ बूटसुद्धा गुणासारखे दिसतात.

पडायला लागली होती हे खरंच. त्याला यायला पाच मिनिटं उशीर झाला की तिचं लक्ष लॅपटॉपवरून उडायचं. एकदा तिच्या केसात अडकलेलं फूल काढायला त्याने हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि नुसतं बोट दाखवलं... तर तो न पोचलेला हात तिला रात्रीपर्यंत आठवत राहिला. आणि जितका तो आवडत होता तितकं खरं सांगणं अवघड होत होतं. त्यात एका दुपारी तो सहज म्हणाला, "तुझं सगळं किती मार्गी लागलेलं आहे गं. तुझ्याकडे बघितलं की मला धीर येतो." नोकरी लागली की त्याच दिवशी सांगून टाकू, असं तिने ठरवलं. नोकरी काही लागेना.

शेवटी एका बुधवारी तो नुसताच चमचा डब्यात फिरवत होता, खात नव्हता.

"शुक्रवारी सुट्टी टाकशील?" तो म्हणाला. "ब्लू माउंटन्सला जाऊ. म्हणजे... मला तुझ्याशी बोलायचंय. इथे डबा मध्ये येतो."

तिचा जीव आनंदाने अर्धा झाला आणि लगेच दुसरा अर्धा धास्तीने. शुक्रवारी रोजगार एजन्सीने तिला वर्कशॉपला बोलावलं होतं. मुलाखत कशी द्यावी, याचं. भत्ता घेणाऱ्यांना असल्या गोष्टींना जावंच लागतं. न सांगता दांडी मारली तर भत्ता थांबतो, आणि भाडं त्याच भत्त्यातून जात होतं.

"शुक्रवारी नाही रे जमणार," ती म्हणाली. "ऑडिट आहे."

तो उदास होईल असं तिला वाटलं होतं. तो उलट सुटल्यासारखा हसला. म्हणाला, बरं झालं, त्यालाही आत्ताच आठवलं, शुक्रवारी साइटवर क्रेन येणार होती. तिला ते हसू मुळीच आवडलं नाही. घरी जाताना ट्रेनमध्ये तिने मनाशी कबूल केलं की हा माणूस आपल्याला हवा आहे, आणि ज्या नीरजाशी त्याला बोलायचंय ती नीरजा ऑगस्टपासून अस्तित्वातच नाही. शनिवारी सगळं सांगायचं. मग तो राहिला तर राहिला.

शुक्रवारी एजन्सीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दहाबारा जण गोल करून बसले होते. शिकवणारी लोरेन साठीची, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ, आवाज गडगडाटी. इथे कुणी लाजायचं नाही, नोकरी जाणं म्हणजे गुन्हा नाही, असं ती सांगत होती, तेवढ्यात दार उघडलं.

यतीन आत आला. त्याने नीरजाला बघितलं. नीरजाने त्याला बघितलं. तो वळून जायला निघाला.

"कम इन, मेट, नो वरीज," लोरेन म्हणाली. "आज हजेरी नाही लागली तर तुझंच नुकसान."

तो आला. रिकामी खुर्ची एकच होती, नीरजाच्या समोरची. लोरेनने समोरासमोरच्या जोड्या लावल्या. एकाने मालक व्हायचं, एकाने उमेदवार. भाषा कुठलीही चालेल, फक्त एकमेकांच्या डोळ्यात बघून बोला, अशी तिची अट होती. तीच सगळ्यात अवघड होती.

आधी मालक नीरजा झाली.

"स्वतःबद्दल सांगा," ती म्हणाली.

"यतीन. सिव्हिल इंजिनिअर. कंपनी जूनमध्ये बुडाली." त्याने एक श्वास घेतला. "तेव्हापासून रोज सकाळी बूट घालून बाहेर पडतो. घर शेअर करणाऱ्या बाकीच्या पोरांना वाटतं, साइटवर जातो."

"तरीच चिखल नसतो."

"रोज पुसायचो. म्हटलं, तुझ्यासमोर बसायचंय."

तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं, कारण मालकाने इतक्यात हसून चालत नाही. "मेडिकेअर कार्डाचं काय?"

"जुनं खिशातच होतं. तुझं?"

"पर्समध्ये."

शेजारच्या जोडीने वळून बघितलं, इतकी दोघं हसली. लोरेनने लांबूनच अंगठा दाखवला. हसू ओसरलं. भूमिका बदलल्या. आता उमेदवार ती होती.

"ऑडिट कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"ऑडिट नाही. बॉस नाही. नोकरी ऑगस्टमध्ये गेली," ती म्हणाली. एकदा सुरू झाल्यावर थांबणं तिला जमेना. "तू म्हणालास ना, माझ्याकडे बघून तुला धीर येतो... तर ती मी नव्हे, यतीन. मी रोज लायब्ररीत बसते. मला मुलाखतीचं बोलावणंसुद्धा येत नाही. नोकरी लागली की तुला सांगणार होते."

"काय सांगणार होतीस?"

"हेच. आणि..." तिने मान खाली घातली.

"डोळ्यात बघून बोलायचंय," तो हळूच म्हणाला. "नाहीतर मार्क जातील."

तिने वर बघितलं. "आणि तू मला आवडतोस, हे."

त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. नीरजाला वाटलं, संपलं. मग तो पुढे वाकला.

"जून ते ऑक्टोबर मी दाढी केली नव्हती, नीरजा. रांगेत होतो ना, त्या दिवशी पहिल्यांदा केली, तीही ओळखपत्रावरच्या फोटोशी चेहरा जुळावा म्हणून. बाकीची पोरं कामाला गेली की घरी परत जाऊन पडून राहायचो. अर्ज करायचो ते नुसते एजन्सीला दाखवायला. मग एके दिवशी तू डब्यात दोन चमचे आणलेस. म्हटलं, उद्याही आपण येणार असं कुणीतरी धरून चालतंय. त्या दिवसापासून रोज दाढी करतो आणि अर्ज मनापासून लिहितो. तुझ्या नोकरीचा त्यात काय संबंध?"

नीरजाच्या डोळ्यात पाणी आलं. तिला ते लपवावंसं वाटलं नाही.

"ब्लू माउंटन्सला हेच सांगणार होतास?"

"हो. पण आधी नोकरी नाही हे सांगायचं होतं. ते ऐकून तू परतीची ट्रेन पकडलीस, तर पुढचं सांगायचं नाही, असं ठरवलं होतं."

"आणि नाही पकडली तर?"

"तर विचारणार होतो, की नोकरी लागेपर्यंत माझ्याबरोबर बेकार राहशील का. आणि लागल्यावर... बेकार सोडून बाकी तसंच."

ती "हो" म्हणाली, पण इतक्या हळू, की लोरेन त्यांच्या खुर्च्यांपाशी येऊन उभी राहिली तेव्हा यतीन अजून तिच्या ओठांकडेच बघत होता. भाषा कळली नसली तरी बाकी सगळं फार छान जमलंय, असं लोरेन म्हणाली. अशी नजरेला नजर तिने वर्षानुवर्षांत बघितली नव्हती. मग तिने खोलीतल्या सगळ्यांना गप्प केलं आणि नीरजाला विचारलं, "सो, डार्लिंग. वुड यू हायर हिम?"

सगळे बघायला लागले. यतीन खुर्चीत ताठ बसला. खऱ्या मुलाखतीतही तो इतका घाबरला नसेल.

"लोरेन, मीच बेकार आहे," नीरजा इंग्रजीत म्हणाली. "पण हो. आजच्या आज."

खोली हसली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. यतीनने या वेळी हात मध्येच थांबवला नाही. तिचा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. लोरेनने माळ सारखी केली, घड्याळ बघितलं आणि पुढच्या फेरीसाठी आता प्रत्येकाने जोडीदार बदलायचा आहे, असं सांगितलं.

खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, इकडची तिकडे गेली. ही दोघं मात्र जागची हलली नाहीत.