रिकाम्या कळशीतला श्वास

हे मी कथा म्हणून लिहीत नाहीये. माझ्यासोबत घडलं ते जसंच्या तसं सांगतेय. पटलं नाही तर सोडून द्या, वाद घालायची माझ्यात ताकद नाही.

तारीख १२ फेब्रुवारी २०२४. वार सोमवार. दुपारचे साडेतीन. जागा परळमधली एक संशोधन संस्था, तिसरा मजला. संस्थेचं नाव सांगणार नाही, कारण मी अजून तिथेच नोकरी करते.

अमावस्या नव्हती. अंधार नव्हता. खोलीतले सगळे दिवे चालू होते आणि खालच्या कँटीनमधून कांदाभजीचा वास येत होता.

तरीही त्या दिवसापासून मी सोमवारी खोलीत एकटी थांबत नाही.

माझं नाव माया. नायगावच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते, म्हणजे कापूस पिंजतात तिथे. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी ते पुन्हा त्या धुळीत गेले की संध्याकाळी छाती धरूनच घरी यायचे. आमच्याकडे त्याला सगळे ‘सोमवार लागला’ म्हणायचे.

मोठी झाल्यावर मी त्याच छातीचा अभ्यास करायला घेतला.

पाच वर्षं मी लालबाग, परळ, शिवडीच्या चाळी पालथ्या घातल्या. जिने चढले. दारं वाजवली. जुन्या गिरणी कामगारांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचे श्वास रेकॉर्ड केले. एकूण दोनशे तेरा माणसं.

प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात ठरलेली असे. मी आधी क्रमांक बोलायची. मग विचारायची, “सुरू करू?” त्यांनी तोंडाने होकार दिला की मगच श्वास.

क्रमांक एकशे बारा होते कोंडीराम बाबा. वय एकोणऐंशी. फॉर्मवर सही करताना त्यांनी मला थांबवलं.

“एकटीच्या कपाटात नको ठेवू हां,” ते म्हणाले. “आमची छाती ऐकायला कोन आलाच नाय इतकी वर्षं. आता ऐकलीस तर सगळ्यांना ऐकव.”

मी हो म्हटलं.

त्यांची बायको, कांता आजी, तेव्हा चहा गाळत होती. तिनेही ऐकलं.

आता अनुजाबद्दल.

अनुजा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. पुण्याची. परदेशात शिकलेली. वय एकोणतीस. श्वासाचा आवाज ऐकून कॉम्प्युटरने आजार ओळखावा, असा प्रोग्रॅम ती बनवत होती.

ती वाईट नव्हती. हेच जास्त टोचायचं.

मला ‘माया ताई’ म्हणायची. वॉचमन तिला नावाने हाक मारायचा, मला ‘मॅडम’. मीटिंगमध्ये मी बोलले की सगळे मोबाईल बघायचे, ती बोलली की वहीत लिहून घ्यायचे. एकदा मी तिला कोंडीराम बाबांकडे घेऊन गेले, तर कांता आजीने तिच्यासमोर खारी-बटरची बशी ठेवली. पाच वर्षांत मला नुसता चहा मिळाला होता.

हसू येईल तुम्हाला. पण ती बशी मी विसरू शकले नाही.

मग वरून हुकूम आला. संस्थेतला सगळा डेटा एका सामायिक फोल्डरमध्ये टाकायचा. ज्याला लागेल त्याने वापरायचा.

म्हणजे जिने मी चढायचे आणि पेपर अनुजाने छापायचा.

माझा जळफळाट झाला. स्पष्टच सांगते.

मी एकशे बहात्तर रेकॉर्डिंग टाकली. सगळ्यात चांगली एकेचाळीस माझ्याकडे ठेवली. फाईली खराब झाल्या, उघडत नाहीत, असं सांगून टाकलं.

त्या एकेचाळीसमध्ये कोंडीराम बाबा होते.

एवढ्यावर मी थांबले नाही.

आमच्याकडे मोठा सर्व्हर एकच. सगळ्यांची कामं त्यावर रांगेने चालतात. आधी नंबर लावेल त्याला आधी मशीन. अनुजाच्या प्रोग्रॅमला खूप वेळ मशीन लागायचं. एकतीस मार्चला तिचं कंत्राट संपत होतं. त्याआधी निकाल दाखवता आला तरच ती राहणार होती.

आमच्या चाळीत सार्वजनिक नळ होता. पाणी यायच्या आधीच आई रिकामी कळशी रांगेत ठेवून यायची. कळशी आहे म्हणजे माणूस आहे, असा नियम.

मी तेच केलं. एक रिकामं काम लिहिलं. ते मशीन अडवायचं, सहा तास काहीही न करता बसायचं आणि संपायचं. एक संपलं की दुसरं. नावसुद्धा मी ‘कळशी’ ठेवलं होतं. कळशी एक, कळशी दोन...

अनुजा रांगेत मागे मागे जात राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

मला बरं वाटायचं.

नोव्हेंबरमध्ये कोंडीराम बाबा गेले. मला कळलं तेही अनुजाकडून. ती जाऊन आली होती. मी गेले नव्हते.

आठवड्याने कांता आजीचा फोन आला. “जय भीम, पोरी,” म्हणाली. बाबांचा आवाज घरात कुठेच नाही, फोनमध्येही नाही, असं सांगत होती. मग म्हणाली,

“तू भरून नेला होतास ना त्यांचा आवाज? एकदा ऐकवशील?”

फाईल माझ्यासमोर होती. एक बटण दाबायचं होतं.

पण ती ऐकवली असती तर आजीकडून अनुजाला कळलं असतं, की फाईल खराब नव्हतीच.

मी म्हटलं, “आजी, ती फाईल खराब झाली.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

तर, तो सोमवार.

अनुजा बाहेर गेली होती. खोलीत मी एकटी. कळशी सदतीस चालू होती. मी माझ्या पेपरचा मजकूर लिहीत बसले होते.

आधी एसी बंद झाला... म्हणजे त्याची घरघर थांबली. हवा गारच होती.

मग कँटीनचा आवाज गेला.

मग रस्त्यावरचे हॉर्न. परळला दुपारी साडेतीनला हॉर्न नाहीत, असं कधी झालंय का?

मी मान वर केली. आणि तेवढ्यात पाठीला काहीतरी लागलं...

डाव्या खांद्याच्या खाली. गोल. थंडगार. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं.

मी गर्रकन वळले. मागे भिंत होती.

फोन वाजला आणि सगळे आवाज एकदम परत आले. आईचा फोन होता. येताना सुके बोंबील आण, म्हणाली. मी बरं म्हटलं. पाठ चोळली. एसीच्या हवेने धरली असेल, असं स्वतःला समजावलं.

पाच मिनिटांनी स्क्रीनवर संदेश आला.

कळशी सदतीसचं काम पूर्ण झालं होतं.

सहा तास व्हायला अजून तीन तास होते.

आणि त्याखाली लिहिलं होतं... तयार झालेल्या फाईली : एक.

ज्या कामात काही करायचंच नाही, त्यातून फाईल कशी तयार होईल?

मी फोल्डर उघडला. आवाजाची फाईल होती. लांबी सहा मिनिटं. नाव होतं २१४.

माझ्याकडे दोनशे तेराच माणसं होती.

मी हेडफोन लावला.

सुरुवातीला खरखर. मग एक आवाज. म्हातारा, थकलेला, प्रत्येक शब्दाला दम लागणारा.

“क्रमांक दोनशे चौदा.”

तो आवाज मी ओळखला.

“पोरी... सुरू करू?”

पुढे शांतता. होकाराची जागा. दहा सेकंद कुणीच बोललं नाही.

मग श्वास सुरू झाले.

मी आयुष्यभर श्वासच ऐकलेत. हा बाईचा होता, चाळिशीतल्या. डाव्या बाजूने ऐकलेला. पहिल्याच मिनिटाला फोनची रिंग वाजली, पाण्याखालून यावी तशी. मग छातीच्या आतून घुमणारे शब्द आले.

“बरं. आणते बोंबील.”

मी हेडफोन कानावरून ओढून काढला.

जरा सावरल्यावर पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे एकशे बारा नंबरची फाईल उघडली. का, ते सांगता येणार नाही.

माझा आवाज होता. “क्रमांक एकशे बारा. बाबा, सुरू करू?”

पुढे त्यांचं ‘कर गं पोरी’ असायचं. मी ते शंभर वेळा ऐकलं होतं.

आता तिथे काहीच नव्हतं.

मी दुसऱ्या फाईली उघडल्या. अडवून ठेवलेल्या सगळ्या, एकेक करून. एकेचाळीस वेळा माझा प्रश्न. एकेचाळीस वेळा शांतता. कुणीच हो म्हणत नव्हतं.

खाली कॉम्प्युटर विभागात हितेंद्र बसतो. त्याला बोलावलं. त्याने सगळं तपासलं, डोकं खाजवलं. त्या कळशीत फाईल बनवायची एक ओळसुद्धा नाही, म्हणाला. जुन्या फाईलींना तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “पण काय गं, ही रिकामी कामं लावत कोण होतं?”

मी माझ्या स्क्रीनकडे वळले. त्याला कळलं असावं.

त्या संध्याकाळी मी सगळ्या कळशा रांगेतून काढल्या. एकेचाळीस फाईली सामायिक फोल्डरमध्ये टाकल्या. अनुजा परत आल्यावर तिला सांगितलं, खराब नव्हत्या, मी लपवल्या होत्या. रांगही मीच अडवली होती.

ती रडली नाही. भांडलीही नाही. फक्त म्हणाली, “ताई, मला वाटायचं मीच काहीतरी चुकीचं करतेय.”

मग मशीनकडे वळून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी मी लालबागला गेले. कांता आजीने दार उघडलं, पण बस म्हणाली नाही. मी मोबाईल पुढे धरला. त्या फाईलीत बाबांचा शब्द नसला तर मी तिला काय सांगणार होते?

“बाबा, सुरू करू?” माझा आवाज.

“कर गं पोरी.”

होता. जसाच्या तसा.

आजीने मोबाईल कानाला लावला आणि भिंतीला टेकून खाली बसली. सहा मिनिटं नुसता श्वास ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, “असाच आवाज यायचा शेजारी. त्याच्याशिवाय झोप लागत नाय मला.”

मग आत गेली आणि माझ्यासमोर चहा ठेवला. नुसताच चहा.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

अनुजाचा प्रोग्रॅम मार्चमध्ये पूर्ण झाला. ती राहिली. पेपर छापून आला, तिचं नाव पहिलं आणि माझं दुसरं. छापायच्या आधी तिने मला एकदा विचारलं होतं, “ताई, हा दोनशे चौदा नंबर कोण? प्रोग्रॅम म्हणतोय, कार्डिंग खात्यात तीस वर्षं काम केलंय. पण संमतीचा रकाना रिकामा आहे. संमती नसेल तर मला काढावा लागेल.”

तो मी फोल्डरमध्ये टाकलाच नव्हता. मी काढ म्हटलं. तिने माझ्यासमोर पुसला.

पुढच्या सोमवारी तो परत फोल्डरमध्ये होता.

हितेंद्रने तीनदा पुसला. तीनदा सोमवारी परत आला. आता आम्ही त्याबद्दल बोलत नाही. गिरणीच्या दारातही मी कधी गेले नाही, पण सोमवारी जिना चढताना माझी छाती भरून येते. दोनदा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणतात, स्वच्छ आहे.

ती फाईल मी अजून ऐकते. सुरुवातीला लांबी सहा मिनिटं होती.

गेल्या महिन्यात अनुजाला मोठा पुरस्कार मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि आत काहीतरी जळलं. नाही म्हणून काय करू, जळलंच.

त्या सोमवारी फाईल सहा मिनिटं अकरा सेकंदांची झाली.

परवा वॉचमनने तिच्यासाठी लिफ्ट थांबवून धरली. एवढीशी गोष्ट. सहा मिनिटं चौदा.

मी खूप प्रयत्न करते. खरंच करते. पण असूया काही रांगेतून काढून टाकता येत नाही.

आज पुन्हा सोमवार आहे. हे मी कँटीनमध्ये, माणसांत बसून लिहितेय. मघाशी फाईल ऐकली. बाबांचा प्रश्न तोच होता. पुढची शांतताही होती.

फक्त आज त्या शांततेच्या अगदी शेवटी... ओठ उघडल्याचा आवाज आला.

माझे ओठ.

मी अजून हो म्हटलेलं नाही.