उलटं करायचं राहिलं

दोघांची पहिली भेट झाली तेव्हा ती शिडीवर होती आणि सर फळ्यापाशी. क्लासचा पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनबाईची नजर फळ्यावरच्या गणितावर गेली आणि तिला काही राहवेना.

"सर, सहा आणि तीन ओहम समांतर जोडल्यावर अर्धा कसा येईल? दोन येतात."

सरांनी वळून पाहिलं. एक छेद सहा अधिक एक छेद तीन, बरोबर एक छेद दोन... आणि शेवटी उलटं करायचं राहून गेलं होतं! सगळा वर्ग खिदळला.

"सूत्र कुठे शिकलात?" सरांनी नंतर विचारलं.

"सूत्र कसलं... मीटर लावून पाहिलंय!"

वायरमनच्या लायसन्सच्या लेखी परीक्षेत ती दोनदा आपटली होती, ती याच सूत्रापायी. सरांनी शिकवायचं कबूल केलं. एकसर जोडणी तिला दोन दिवसांत आली, समांतर आठवड्यात. आणि तिथेच पंचाईत झाली, कारण गणितं आली की शिकवणी संपणार. मग रोज शेवटच्या ओळीत ती उलटं करायचं 'विसरू' लागली. सर कपाळाला हात लावत, "बसा, अजून एक," म्हणत, आणि तिचा जीव भांड्यात पडे. घरी वहिनी विचारी, "काय गं, परीक्षेचा अभ्यास करतेस की सरांचा?"

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा सरांनी वही मिटली.

"मलाच शिकवता येत नाहीये. उद्यापासून माझ्या मित्राकडे जा... तो छान शिकवतो."

तिने वही ओढली आणि पाच गणितं उभ्याउभ्याच सोडवली. पाचही बरोबर.

सर बघतच राहिले. "हे कधीपासून येतंय?"

"पंधरा दिवस झाले."

"मग रोज चुकत का होतात?"

"बरोबर आलं असतं तर तुम्ही 'या आता' म्हणाला असतात—" ती अडखळली, मग एका दमात बोलून मोकळी झाली. "मला तुम्ही आवडता. लायसन्स मिळो न मिळो."

सरांनी लाल पेन उचललं आणि पाचव्या गणितावर ठसठशीत फुली मारली.

"अहो, ते बरोबर आहे!"

"माहीत आहे," सर म्हणाले. "पण आता उद्या परत यावं लागेल."