चार नंबरची हजेरी

मोबाइल उलटे ठेवा आधी. दिवा राहू दे एक. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालत नाहीत.

ही गोष्ट माझ्या साडूची. तुम्हा शिकाऊ पोरांसारखाच तारा जोडणारा. हातात कसब होतं, पण 'उद्या करू' म्हणायची खोड होती. पाच वर्षांपूर्वीची, नऊ नोव्हेंबरची रात्र. घरून निघाला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, हे पक्कं, कारण माझ्या मेहुणीनं घड्याळाकडे बघूनच विचारलं की एवढ्या रात्री कसलं काम? तो म्हणाला, दोन तारा जोडायच्यात, तासाभरात आलो. खोटं नव्हता बोलला. काम तेवढंच होतं.

गावाबाहेर एक शीतगृह होतं. चार खोल्या, आत उणे वीस. प्रत्येक खोलीत दाराशी एक डबी, डबीवर लाल बटण. कुणी आत अडकलं तर दाबायचं. चारही डब्या एकाच तारेच्या जोडीवर, आणि ती जोडी फाटकाजवळच्या केबिनमधल्या डेटा लॉगरला गेलेली. लॉगर कसा चालतो ते तुम्हाला शिकवलंय, तरी पुन्हा ऐका. तो शाळेतल्या मास्तरांसारखी हजेरी घेतो. एक? हजर. दोन? हजर. आपला नंबर पुकारल्याशिवाय डबीनं तोंड उघडायचं नाही. पुकारल्यावर डबी सांगणार की बटण दाबलंय, मग केबिनमध्ये घंटा वाजणार.

चार नंबरची डबी थंडीनं उत्तर द्यायला उशीर लावायची. तिच्यापायी सगळी हजेरी रखडायची आणि मालक साडूच्या नावानं शंख करायचे. साडूनं काय केलं? तुम्ही करता तेच. डबीच्या तारा सोडल्या, टोकांना टेप गुंडाळली आणि लॉगरच्या यादीतून चार नंबर काढून टाकला. नवी डबी उद्या बसवू, म्हणाला. तो उद्या महिनाभर उगवला नाही.

मग एका रात्री चार नंबरच्या खोलीत एक हमाल अडकला. दाराची आतली कडी मोडलेली होती. सकाळी दार उघडलं तेव्हा तो बसलेला होता. बोट बटणावरच होतं.

पहारेकरी कळवळून सांगत होता की घंटा वाजलीच नाही. पण गरिबाचं कोण ऐकतो? झोपला होता म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तपासणी होती. घंटा चालू सापडली तर पहारेकरी तुरुंगात, बंद सापडली तर माझा साडू. म्हणून तो रात्रीचा निघाला होता. मला हे आधी कळतं तर मीच त्याच्या कानाखाली वाजवली असती.

फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यानं हजेरीच्या मशीनवर बोट ठेवायचं, असा तिथला नियम. साडूनं ठेवलं, स्क्रीनवर त्याचा फोटो आला. पहारेकऱ्याला म्हणाला, तपासणीआधी एकदा नजर टाकतो. पहारेकऱ्यानं किल्ली हातात दिली नाही, टेबलावर टाकली.

"तुम्ही तरी सांगा त्यांना," तो म्हणाला. "वाजली असती तर मी गेलो असतो."

साडूनं खाली बघत किल्ली उचलली. चोराच्या मनात चांदणं.

आता आपला नियम काय आहे? आधी लॉगरच्या यादीत नंबर घालायचा, मग डबीला हात लावायचा. पण पहारेकऱ्यासमोर यादी उघडली असती तर चार नंबर नाही हे त्याला दिसलं असतं. म्हणून साडू आधी खोलीत गेला. यादीचं नंतर बघू, याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवू, असा त्याचा हिशेब.

दार लागू नये म्हणून लाकडी पेटी अडकवली. जुनी डबी काढली. नवी बसवली, नंबर लावला, तारा जोडल्या. बोटं बधिर झाली होती, म्हणून हातमोजा काढून शेवटचा स्क्रू पिळला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागे पेटी सरकली.

सावकाश. फरशीवरून कुणी ओढत नेल्यासारखी.

तो वळेपर्यंत दार लागलं होतं.

खांदा मारला. लाथा घातल्या. हाका मारल्या. एवढ्या जाड दारातून काय ऐकू जाणार? मग बटण आठवलं. दाबलं. आणि दाबल्यावर त्याच्या ध्यानात आलं... लॉगरच्या यादीत चार नव्हता. त्याचा नंबर कुणी पुकारणारच नव्हतं. त्यानंच तशी सोय केली होती.

त्यानं बोट उचलायला घेतलं.

उचलेना.

वरून कुणीतरी दाबून धरलं होतं. एक बोट... त्याच्या बोटावर. खरखरीत. खोलीपेक्षा गार.

दिवा चालू होता. समोर कुणी नव्हतं.

त्यानं हात ओढला. दाब वाढला. त्यानं माफी मागितली... दाब वाढला. बायकोची शपथ घातली...

दाब वाढला.

नख काळं पडलं. मग बोट कुणाचं कुठलं, तेही कळेना...

दोन वाजता दार उघडलं. पहारेकरी उभा होता, धापा टाकत. त्यानं साडूला काखेत धरून केबिनपर्यंत नेलं, अंगावर स्वतःचं घोंगडं टाकलं. घंटा अजून वाजत होती. साडूनं लॉगरची यादी उघडली. एक, दोन, तीन. चार नव्हता.

पहारेकऱ्यानं यादी पाहिली. मग हळूच म्हणाला, "वाजली की येतो मी. बघितलंत ना?"

सकाळी दहाला साडूनं सगळं सांगून टाकलं. लिहून दिलं, सही केली. पहारेकरी सुटला. साडूची पुढं काय गत झाली ते माझ्या मेहुणीला विचारू नका, ती रडते.

त्या दिवशी त्याला न्यायला मी गेलो होतो. फाटकातून निघताना नियमाप्रमाणे त्यानं तेच बोट मशीनवर ठेवलं. मी शेजारीच उभा होतो, या डोळ्यांनी पाहिलं. त्याचा फोटो आला नाही.

हमालाचा आला. खाली लिहिलं होतं... हजर.